छोटे गाणारे पक्षी स्लाइड फिल्मवर: फांदी शोधण्यापासून स्कॅनपर्यंत

डिजिटलची किंवा निगेटिव्हची सवय असेल तर स्लाइडचा, म्हणजे थेट खऱ्या रंगांचं पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मचा, पहिला रोल बहुतेक वेळा हातचा जातो, आणि कारण एकच असतं, आपण पक्ष्याच्या मागे धावतो आणि उजेड जसा मिळेल तसा घेतो. स्लाइडला हे चालत नाही. तिची रेंज, म्हणजे गडद ते उजळ किती फरक ती पेलते ती, साधारण पाच स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), त्यातही वरच्या बाजूला काहीच दयामाया नाही, पांढरं पीस एकदा जळलं की तिथे नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक उरतं आणि मग जगातला कुठलाही स्कॅनर त्यातून काही बाहेर काढू शकत नाही. निगेटिव्हवर दोन स्टॉप जास्त पडले तरी लॅबवाला सांभाळून घेतो, इथे अर्धा स्टॉप जास्त पडला तरी दयाळ पक्ष्याच्या पंखावरची पांढरी पट्टी गेलीच समजा. म्हणून माझी पद्धत अशी झालीय की आधी उजेड बघायचा, मग त्या उजेडात एक फांदी निवडायची, फांदीवर मीटरिंग करून, म्हणजे उजेड मोजून, कॅमेरा त्या आकड्यावर लॉक करायचा आणि मग पक्ष्याची वाट बघत बसायचं. पुढचं सगळं त्याच पद्धतीबद्दल आहे.

फिल्मबद्दल आधी. सध्या नवीन मिळणाऱ्यात कामाच्या म्हणजे फुजीच्या वेल्व्हिया ५० आणि प्रोव्हिया १००एफ, आणि कोडॅकची एक्टाक्रोम ई१००, जी कोडॅकने २०१२ मध्ये बंद केली होती आणि २०१८ मध्ये परत आणली. छोट्या पक्ष्यांसाठी मी प्रोव्हिया किंवा ई१००च वापरतो. वेल्व्हियाचे रंग काळजाला भिडतात हे खरंय, पण ५० स्पीडला (स्पीड म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) सकाळच्या उजेडात शटर इतकं मंद होतं की चष्मेवाल्यासारखा एका जागी सेकंदभर न थांबणारा पक्षी नुसता पिवळा डाग होतो, शिवाय तिचा कॉन्ट्रास्ट जास्त असल्यामुळे सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि त्याचा त्रास पुढे स्कॅनिंगलाही होतो. घरात कुणाचा जुना कोडाक्रोमचा रोल सापडला तर तो आठवण म्हणून ठेवा. त्याचं प्रोसेसिंग वेगळं होतं, के-१४, आणि ते करणारी शेवटची लॅब २०१०च्या अखेरीस थांबली, त्यामुळे त्यावर आता रंगीत स्लाइड मिळणार नाही.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवायची, डबीसकट झिपच्या पिशवीत. वापरायच्या आधी दीड-दोन तास बाहेर काढून ठेवायची आणि तोवर पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. उन्हाळ्यात कॅमेरा गाडीत ठेवून चहाला जाऊ नका, मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते आणि रंग सरकतात.

लेन्स. इथे थोडं गणित केलेलं बरं म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतात. शिंजीर किंवा चष्मेवाला चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण दहा सेंटीमीटर, फुलटोच्या तर त्याहून लहान, आठ. ४०० एमएमची लेन्स घेऊन चार मीटरवर बसलात तर दहा सेंटीमीटरचा पक्षी फिल्मवर साधारण ११ मिलिमीटर येतो, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद फ्रेमच्या तिसऱ्या हिश्शाला थोडा कमी. हा छान आकार आहे, फांदी, दोन पानं आणि पक्षी, सगळं बसतं. पण तोच पक्षी आठ मीटरवर गेला की पाच मिलिमीटर, मग क्रॉप करायला काही उरत नाही. सगळा खेळ त्या चार मीटरचा आहे. ३०० एमएम एफ४ ला लेन्सची लांबी १.४ पट करणारा टेलिकन्व्हर्टर लावला तरी तेच काम होतं, आणि लेन्स इतक्या जवळ फोकस करत नसेल तर मागे एक छोटी एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी) लावा, अनंतापर्यंतचा फोकस जातो पण आपल्याला तिकडे बघायचंच नसतं. बॉडी कुठलीही, निकॉनची एफ१०० असो, कॅननची ईओएस ३ असो की निकॉनचीच एफएम२, फक्त मीटरवर तुमचा विश्वास हवा आणि शटर खरं चालत असलं पाहिजे, कारण जुन्या मेकॅनिकल बॉडीचं १/१००० सेकंदाचं शटर खरंखुरं १/१००० असेलच असं नाही आणि स्लाइड ती चूक लगेच दाखवते. एकदा शटर तपासून घ्या.

आता फांदी. सकाळी सात-साडेसातला सूर्य तुमच्या पाठीशी किंवा पाठीमागे थोडा तिरका हवा, फांदी तुमच्या डोळ्याच्या उंचीवर हवी आणि फांदीच्या मागे चार-पाच मीटर तरी मोकळं हवं आणि त्यापलीकडे एकसारखी हिरवळ. मागे आकाश असेल तर ती फांदी सोडून द्या, कितीही सुंदर असली तरी. पांढरं आकाश मागे आणि सावलीतला पक्षी पुढे, यातलं एकच काहीतरी स्लाइडवर येईल. मागची झाडी उन्हात आणि फांदी सावलीत असेल तरी तेच. फांदी आणि बॅकग्राऊंड यांच्यात एका स्टॉपच्या आसपास फरक असेल तर उत्तम, बॅकग्राऊंड थोडं गडद असलं तर आणखी उत्तम.

अशी फांदी मिळते कुठे? सगळ्यात सोपी जागा म्हणजे घरचं पाण्याचं भांडं. मातीचं पसरट, पाणी दोन-तीन सेंटीमीटरच, आणि भांड्यापासून हातभर अंतरावर एक वाळकी फांदी रोवायची, पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही, आधी फांदीवर बसून इकडेतिकडे बघतो, आणि तोच तुमचा फोटो. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासारख्या ठिकाणी शिंपी, वटवट्या, बुलबुल, दयाळ, चष्मेवाल्यांचं टोळकं सगळे येतात, पण भांडं ठेवल्या ठेवल्या नाही, दोन-तीन आठवडे रोज पाणी बदलत राहावं लागतं. दुसरी जागा म्हणजे गाण्याची फांदी. दयाळ आणि चीरक विणीच्या दिवसांत, साधारण मार्चपासून, ठरलेल्या दोन-तीन जागांवरूनच गातात आणि उडाले तरी थोड्या वेळाने परत तिथेच येतात. पहिले दोन दिवस कॅमेरा न नेता नुसतं बघा, कुठली फांदी, किती वाजता, तोंड कुठे करून. तिसऱ्या दिवशी कॅमेरा. मला मिळालेल्या चांगल्या स्लाइड्सपैकी बहुतेक अशाच आल्यात.

तिसरी जागा फुलांची. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा फुलतात आणि शिंजीर दिवसभर तिथे असतो, पण ही झाडं उंच, खालून काढलं की पोटाचा फोटो आणि मागे आकाश. उपाय म्हणजे डोंगराचा उतार. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत किंवा ताम्हिणीकडे रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर खालच्या झाडाचा शेंडा बरोब्बर आपल्या डोळ्यासमोर येतो, शहरात तेच काम दुसऱ्या मजल्याची गच्ची करते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, आणि घरट्यावर फोटो काढायचे नाहीत. विणीच्या दिवसांत त्या नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो खाणंपिणं सोडून भांडत फिरतो. आणि घरट्यासमोरची पानं बाजूला केली की ऊन आत येतं, कावळ्याला आणि भारद्वाजाला रस्ता दिसतो, मग पिल्लं राहत नाहीत. मी हे डोळ्यांनी बघितलंय, शिंप्याचं घरटं होतं, आमच्या आधी कुणीतरी दोन पानं तोडून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. ते रिकामं घरटं अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मीटरिंगवर जरा सावकाश बोलू कारण स्लाइडचं निम्मं काम इथेच होतं. मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं वाटतं. त्यामुळे छोट्या पक्ष्यावर स्पॉट मीटर (ठिपक्याएवढ्या भागाचाच उजेड मोजणारा) धरून ऐन वेळी आकडा घ्यायला गेलात तर काळ्या शिंजिरावर वेगळा, पांढऱ्या पोटावर वेगळा, मागच्या पानावर वेगळा, आणि पक्षी तोवर गेलेला. त्याऐवजी पक्षी नसताना फांदीवर पडणाऱ्या उजेडात मध्यम रंगाचं काहीतरी मोजा, ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचं कार्ड) असेल तर उत्तम, नाहीतर त्याच उजेडातली उन्हातली हिरवी पानं, तीही नसतील तर स्वतःचा तळहात. तळहात मध्यम टोनपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणजे मीटर जे सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यायचं, पण घरी एकदा ग्रे कार्डशी ताडून आपल्या हाताचा हिशोब पक्का करा. आकडा मिळाला की कॅमेरा मॅन्युअलवर आणि तसाच ठेवायचा. दर दहा मिनिटांनी परत मोजायचं, सकाळी उजेड भराभर चढतो.

मग पक्ष्याप्रमाणे थोडा बदल. चीरक, शिंपी, सुभग यांना मोजलेला आकडा तसाच. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर उन्हात आला तर अर्धा ते एक स्टॉप कमी करा, सगळं चित्र थोडं गडद होईल पण त्या लांब शेपटीच्या पिसांचे धागे दिसतील. दयाळमध्ये काळं आणि पांढरं दोन्ही, तिथे पांढरं वाचवायचं, काळं काळंच राहू दे. जांभळा शिंजीर विणीच्या काळात लांबून काळाच दिसतो आणि लोक त्याला उजळ करायला एक्स्पोजर वाढवतात, त्याने मागची पानं फिकट होतात आणि पक्षी काळाच राहतो. त्याची चमक एक्स्पोजरमधून येत नाही, पिसांवर उजेड कुठल्या कोनातून पडतो त्यावर येते, मान जरा वळली की जांभळा-निळा पेटतो आणि परत विझतो. त्या क्षणाची वाट बघा, फार तर अर्धा स्टॉप वाढवा.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून, स्वच्छ कडक उन्हात १०० स्पीडच्या फिल्मला एफ १६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) १/१२५ सेकंद, म्हणजे एफ ५.६ ला १/१०००. पण त्या कडक उन्हात आपण काढत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन स्टॉप कमी उजेड असतो, एफ ५.६ ला १/२५०, आणि पानांखालच्या सावलीत १/६० सुद्धा कसाबसा. बसलेल्या पक्ष्याला १/२५० पुरतं, ट्रायपॉड असेल आणि पक्षी दोन उड्यांच्या मधे थांबलेला असेल तर. कमी पडतंय असं वाटलं तर अख्खा रोल एक स्टॉप पुश करा, म्हणजे १०० ची फिल्म २०० धरून काढायची आणि लॅबला त्या हिशोबाने जास्त डेव्हलप करायला सांगायचं. प्रोव्हिया एक स्टॉप पुश छान सहन करते, कॉन्ट्रास्ट थोडा चढतो एवढंच. मात्र रोलच्या मधे विचार बदलायचा नाही, पुश होतो तो पूर्ण रोल.

सावलीबद्दल अजून एक. डेलाइट फिल्म, म्हणजे उन्हाच्या रंगासाठी बनवलेली, सावलीत निळी पडते आणि दाट झाडीत हिरवट, डोळ्याला तिथे कळत नाही, स्लाइड हातात आल्यावर कळतं. सावलीत काम करायचंच असेल तर रंग थोडे उबदार करणारा ८१ए किंवा ८१बी फिल्टर लावा. फ्लॅश मी क्वचित वापरतो, वापरला तर पावणेदोन-दोन स्टॉप कमी करून, फक्त डोळ्यात ठिपका येण्यापुरता, आणि बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात जास्त शटर स्पीड) १/२५० किंवा त्याखालीच असतो हे लक्षात ठेवा.

डोळ्यावरून आठवलं, फोकस डोळ्यावरच. ४०० एमएम, एफ ५.६, चार मीटर, या हिशोबात खोली, म्हणजे शार्प येणारा पट्टा, मिळते जेमतेम तीन सेंटीमीटर, म्हणजे चोच शार्प आणि शेपूट मऊ हे होणारच, पण डोळा मऊ असेल तर ती स्लाइड टाकून द्यायची. पक्षी फांदीला समांतर, बाजूने बसलेला असेल आणि मान किंचित आपल्याकडे असेल तेव्हा क्लिक करा. ३६ फ्रेम आहेत, तरीही बर्स्ट मारू नका, पहिल्या क्लिकच्या आवाजाला छोटा पक्षी दचकून मान वळवतो आणि दुसरी-तिसरी फ्रेम बहुतेक पाठमोरीच येते. एक क्लिक, थांबा, तो परत निवांत झाला की दुसरा. गाणाऱ्या पक्ष्याचं तर अजून सोपं, गाण्याला लय असते, दोन-चार ओळी ऐकल्या की चोच कधी उघडणार ते कळायला लागतं.

बसायचं कसं तर खाली, स्टुलावर, ट्रायपॉड बुटका, अंगावर मातकट रंगाचे कपडे, समोर जुनी खाकी चादर. गाडीतून काढत असाल तर खिडकीच्या काचेवर तांदळाची नाहीतर मोहरीची पिशवी ठेवा आणि इंजिन बंद.

रोल झाला की डबीवर मार्करने मोठ्ठं लिहा, ई-६ (स्लाइडच्या प्रोसेसिंगचं नाव), आणि पुश असेल तर तेही. हे मी अनुभवाने सांगतोय, माझा एक रोल एका लॅबने नेहमीच्या कलर निगेटिव्हच्या केमिकलमधून, म्हणजे सी-४१ मधून काढला होता, त्यात दहा दिवस बसून मिळालेला टिकेलचा निळा माशीमार होता आणि हातात आली ती विचित्र रंगांची निगेटिव्ह. तेव्हापासून डबीवर लिहितो, पाकिटावर लिहितो आणि फोन करून परत सांगतो. ई-६ करणाऱ्या लॅब आता मोजक्याच आहेत, कुरिअरने पाठवावं लागलं तर पाठवा, विमानाने स्वतः नेत असाल तर फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा, नवीन सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका. घरीही करता येतं, किट मिळतात, पण पहिल्या डेव्हलपरचं तापमान ३८ डिग्रीला काटेकोर धरावं लागतं, तिथे वेळ किंवा तापमान चुकलं की एक्स्पोजरच चुकल्यासारखं होतं. चारपाच बिनमहत्त्वाचे रोल काढून हात बसल्यावरच पक्ष्यांचे रोल घाला.

लॅबला सांगून फिल्म सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत घ्या, सगळं माउंट करून (एकेक फ्रेम चौकटीत बसवून) घेऊ नका. लाइट बॉक्सवर ठेवायच्या, आठ किंवा दहा पटीच्या लूपने (छोट्या भिंगाने) पक्ष्याचा डोळा बघायचा, आणि ३६ मधल्या दोन-तीन राहिल्या तर रोल चांगला गेला. त्या दोन-तीनच माउंट करायच्या आणि त्याच स्कॅन करायच्या.

स्कॅनिंगला माझ्याकडे निकॉनचा कूलस्कॅन व्ही आहे, सेकंडहँड. निकॉनने हे स्कॅनर बनवणं कधीच बंद केलं पण ३५ एमएमसाठी आजही फ्लॅटबेडपेक्षा (कागद ठेवायच्या सपाट काचेच्या स्कॅनरपेक्षा) खूपच पुढे आहेत, फ्लॅटबेडच्या खोक्यावर आकडा मोठा लिहिलेला असतो पण पिसांचा बारकावा तेवढा येत नाही. कूलस्कॅन ४००० डीपीआय (इंचाला ४००० ठिपके) देतो, म्हणजे पूर्ण फ्रेमचे साधारण २१ मेगापिक्सेल, आणि आपला तो ११ मिलिमीटरचा पक्षी साधारण १७०० पिक्सेल लांब. स्क्रीनवर टाकायला आणि छोट्या प्रिंटला भरपूर. सॉफ्टवेअर व्ह्यूस्कॅन वापरा, नव्या कॉम्प्युटरवरही चालतं. घेताना कूलस्कॅनचं मॉडेल बघून घ्या, व्ही आणि ५००० यूएसबीवर चालतात, जुने ४००० आणि मोठे ८०००-९००० फायरवायरवर, आणि तो पोर्ट आता कुठल्या कॉम्प्युटरला असतो?

स्कॅनर चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. स्लाइडवर ब्लोअरने हवा मारा, तोंडाने फुंकर नाही, कापडाने पुसणं तर अजिबात नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं, फोकस पॉइंट. माउंटमधली फिल्म सपाट नसते, मधे थोडी फुगते, आणि स्कॅनर आपोआप फोकस करतो तो बहुतेक वेळा फ्रेमच्या मध्यावर. पक्षी कडेला असेल तर त्याचा डोळा मऊ येतो आणि आपण दोष लेन्सला देतो. प्रीव्ह्यूमध्ये फोकस पॉइंट हाताने पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. एवढ्या एका गोष्टीने माझे जुने स्कॅन परत करावे लागले, आणि फरक लगेच दिसला.

बाकी सेटिंग साधी. पूर्ण ४००० डीपीआय, १६ बिट, टिफ, मल्टिसॅम्पलिंग (तोच भाग परत परत वाचून सरासरी काढणं) चार वेळा, विशेषतः वेल्व्हियाच्या गडद भागासाठी. शार्पनिंग बंद, ग्रेन कमी करायचं बंद. धूळ काढायचं इन्फ्रारेड चालू, ई-६ फिल्मवर ते नीट चालतं, कोडाक्रोमवर आणि चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइटवर फसतं. तरी एकदा चालू-बंद दोन्ही करून पिसांच्या कडा तपासा. अशी एक फाइल साधारण १२५ एमबीच्या वर जाते, हार्ड डिस्कची तयारी ठेवा.

स्कॅनर नसेल तर डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स. वन इज टू वन, म्हणजे वस्तू तिच्या खऱ्या आकारात टिपणारी मॅक्रो, खाली चांगल्या सीआरआयचं (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा), ९५ च्या वरचं, एलईडी पॅनेल, आणि स्लाइड त्या पॅनेलपासून पाच-दहा सेंटीमीटर वर, म्हणजे पॅनेलचा पोत फोटोत येत नाही. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवून त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा, की समांतर झालं. एफ ८, सर्वात कमी आयएसओ, सेल्फ टायमर, खोलीतले दिवे बंद. व्हाइट बॅलन्स रिकाम्या पॅनेलवर सेट करायचा. फिल्मची मॅट बाजू, म्हणजे इमल्शन, लेन्सकडे ठेवायची आणि नंतर फोटो आडवा उलटवायचा, हे विसरलं तर पक्ष्याचं तोंड भलतीकडे होतं. स्लाइड गडद असेल तर दोन स्टॉपच्या फरकाने दोन फोटो घेऊन जोडा.

रंग लावताना स्लाइड लाइट बॉक्सवर स्क्रीनच्या शेजारीच ठेवा आणि सारखं तिच्याकडे बघा. स्क्रीनवर सावल्या उचलायचा मोह होतो, उचलल्या की तिथून निळसर गाळ वर येतो, स्लाइडमध्ये जे काळं आहे ते काळं राहू द्या. उजळ बाजू आधी लावा, पांढऱ्या पिसात थोडा करडेपणा राहिला पाहिजे. मग साइझ लहान करा, शेवटी शार्पनिंग, तेही थोडंसं, आणि वेबसाठी एसआरजीबी कलर प्रोफाइल. मूळ टिफ मात्र जशीच्या तशी ठेवा.

आणि स्लाइड्स सांभाळा, आपल्याकडचा पावसाळा त्यांचा वैरी आहे. जून ते ऑक्टोबर हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल, त्याचा रंग बदलला की गरम करून परत वापरायची, आत एक छोटा हायग्रोमीटर, ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. बुरशीचा बारीक जाळीसारखा डाग दिसला तर पाणी लावू नका, इमल्शन सुटतं, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ बोळा, तेही काचेसारख्या चमकदार बाजूनेच आधी. माउंटवर पेन्सिलने पक्षी, जागा, तारीख, किती वाजता, आणि एक्स्पोजर, आणि तोच नंबर टिफ फाइलला. पुढच्या मार्चमध्ये त्याच फांदीसमोर बसायच्या आदल्या रात्री मी हेच माउंट काढून वाचतो.